हळदी-कुंकू बदकाचा डोळा

एकदा काय झालं, एका तळ्याकाठी भिवरा नावाची चितारीण राहायची. तिला एकुलती एक लेक, आवडी. भिवराच्या घराण्यात एक रिवाज होता, बरं का. पाखराचं चित्र काढावं, पण डोळा राखून ठेवावा. पाखरू उडून गेलं, की मगच डोळ्याचा ठिपका द्यावा. का, ते कुणी सांगत नसे.

मग राजाचा निरोप आला. तळ्यातली रानबदकं चितारून द्या, पण अगदी जिवंत दिसली पाहिजेत. भिवरा हुरळली. तिनं काठावर कापड पसरलं. समोर हळदी-कुंकू बदक पोहत होतं. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू. ते समोर असतानाच तिनं डोळा दिला. वर बघते तो बदक नाही. नुसतं पाणी हलत होतं. गेलं असेल लव्हाळ्यात, असं ती म्हणाली.

मग दुसरं काढलं, डोळा दिला. तेही गेलं. आणि कापडावरची बदकं, बरं का, मान वळवून तिच्याकडेच बघत होती. पण चित्र असं उतरलं होतं, की हात थांबेना. लोभ वाईट, बाळांनो.

आवडी गुडघाभर पाण्यात कमळं खुडत होती. भिवरानं तिलाही काढलं. भान राहिलं नाही, ठिपका पडला. टोपली तेवढी पाण्यावर तरंगत राहिली.

भिवरानं हाका मारमारून घसा फोडला. मग बघते, तर कापडावरची आवडी रडत होती आणि गालावरचा रंग ओघळत होता. डिंकातला रंग तो, पाण्यानं विरघळणारच. कापड पाण्यात घातलं तर लेक सुटेल, किंवा कायमची पुसूनही जाईल. तेवढ्यात राजाची माणसं येताना दिसली. चित्र महालात गेलं, की संपलंच.

"तळ्याचं होतं ते तळ्याला घे, माझं मला दे," असं म्हणत भिवरा कापड घेऊन कंबरभर पाण्यात शिरली.

आधी हळद सुटली. मग कुंकू. मग आवडीचा हिरवा परकर. कापड कोरं झालं, तरी कुणी येईना. मग फडफड झाली, एक बदक उडालं. मग दुसरं. लेक नाही. भिवरानं डोळे मिटून घेतले. तेव्हा पाण्याखालून गार, इवल्या बोटांनी तिचा हात घट्ट धरला.

राजाला कोरं कापडच मिळालं. बदकं बघायची तर तळ्यावर या, असं भिवरानं कळवलं. राजा आला, बसला, खूश झाला. सगळी सुखानं राहिली. आवडीच्या गालावर एक काळा ठिपका राहिला, तो काही कधी निघाला नाही. आणि आई दिसेनाशी झाली, की ती अजून घाबरते.

तळ्यावर बदकं निजली. तुम्हीही डोळे मिटा. मी इथंच आहे, हात धरून.