शंभर दाण्यांची वाटणी

फार वर्षांपूर्वी बाभळीखालच्या वारुळात रेवा मुंगीचं लग्न ठरलं. तिच्या आईने उन्हातान्हात ओढून आणलेले तांदळाचे शंभर दाणे मधोमध ठेवून थोरले वाटणीला बसले.

"चाळीस मांडवाला," मामा म्हणाला.

"तीस बेडकांच्या वाजंत्रीला," आत्या म्हणाली.

"उरलेले तीस व्याह्यांच्या मानपानाला," काका म्हणाले. "नाहीतर लोक नावं ठेवतील."

रेवा उसळली. "दाणे आईचे आहेत. तिला एका शब्दाने तरी विचारलंत?"

"नवऱ्यामुलीने मध्ये बोलू नये," मामा गुरकावला. आई कोपऱ्यात बसूनच राहिली.

लग्नाच्या दिवशी मांडव झगमगला, बेडूक बेंबीच्या देठापासून ओरडले, व्याही मानपान घेऊन खूश झाले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सगळ्या पाहुण्यांनी अक्षतांसाठी हात पुढे केले. वारुळात तांदळाचा एकही दाणा उरला नव्हता.

"ताई, अक्षता कुठायत?" मामा ओरडला.

आई पहिल्यांदाच उभी राहिली. "मला काय विचारतोस? मांडव आहे, बेडूक आहेत, मानपान आहे. टाका त्यातलंच काहीतरी माझ्या पोरीच्या डोक्यावर!"