सायलेन्सरची लाज

फटफट्यांच्या भागांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. भागूअक्कांची दुधाची फटफटी टेकडीवर धापा टाकू लागली. "आज चढली तर ठीक, नाहीतर उद्या भंगारात," अक्का म्हणाल्या. त्यांनी सायलेन्सरला नवा मीटर बसवला. धुरात हवा किती उरली ते बघून तो पेट्रोल कमी की जास्त ते सांगायचा.

"पेट्रोल कमी पडतंय!" मीटर गरजला. अक्कांनी पेट्रोल वाढवायला कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. फटफटी खोकली. "अजूनही कमीच!" अक्कांनी अजून फिरवला. धूर असा काळा झाला की समोरची म्हैस दिसेना.

"अहो मीटरराव," इंजिनातून ठिणगी पाडणारा प्लग कळवळला, "माझं तोंड बघा, काजळाची डबी झालीय! पेट्रोलात बुडतोय मी!"

"माझा काटा कधी खोटं बोलत नाही."

"नसेल बोलत. पण एवढी हवा आली कुठून, ते विचारलंत का कुणाला?"

सगळे भाग एकमेकांना विचारू लागले. सायलेन्सर तेवढा गप्प होता. अक्कांनी त्याच्या चकचकीत पट्टीखाली बोट घातलं, तर इंजिन आणि मीटरच्या मधेच भोक! बाहेरची हवा तिथून आत शिरत होती.

"मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"चारचौघांत भोक कसं दाखवू, अक्का?"

"आणि तुझ्या लाजेपायी सगळ्यांची वरात भंगारात निघाली असती, ती?"

अक्कांनी भोक बुजवलं, मीटर "आता बरोबर" म्हणेपर्यंत स्क्रू मागे घेतला आणि किक मारली. फटफटी एका दमात टेकडी चढली. माथ्यावर सायलेन्सर हळूच खाकरला.

"अक्का, रागावणार नसाल तर सांगतो. मागच्या बाजूला अजून एक आहे, बारीकसं."