गवळीआळीचा ना-हरकत दाखला

महाराजांना गाणं हवं होतं आणि गवळीआळीला झोप. आता दोन्ही एकाच जागी मावायची कशी?

सोनगिरीच्या महाराजांनी गवळीआळीच्या ऐन मधोमध रंगमहाल उठवला. मैफल दिवेलागणीला बसणार आणि कोंबडं आरवल्यावर उठणार! गवळी तर कोंबड्याच्याही आधी धारा काढायला बसतात. नुसत्या तालमी सुरू झाल्या आणि म्हशींनी पान्हा चोरला.

परवानगीचं काम नगरकारभारी दाजीपंतांकडे. ते पाहणीला आले ते भर दुपारी. म्हशी रानात, माणसं बाजारात. अहवाल लिहिला, ‘वस्ती अत्यंत शांत. शांतता गरजेपेक्षा जास्त असल्याने थोडी कमी करण्यास वाव आहे.’ पंत स्वतः अर्थातच दुसऱ्या आळीत राहत!

उरला एकच कागद, आळीचा ना-हरकत दाखला. तो मागताच आळीने राणोजी गवळ्याची लेक ठकू हिला दरबारात पुढे केलं. तिच्या तोंडी लागून आजवर कुणी जिंकलं नव्हतं.

“म्हाराज, आमची झोप गेली तर दूध गेलं. मग तुमाला खरवस कुठला?”

“मला कसलीही हरकत ऐकायची नाही!” महाराज गरजले.

“कसलीच न्हाई?”

“कसलीच नाही! दाखला उद्या सकाळी हवा. झोपही हवी असेल तर तीही त्याच कागदात बसवून आण. नाही जमलं, तर आळी म्हशींसकट वेशीबाहेर!”

घरी राणोजीने कपाळाला हात लावला. “पोरी, हरकत हाय म्हणावं तर घर जातंय, न्हाई म्हणावं तर झोप!”

तेवढ्यात रंगमहालातून दरबारी गवई गोविंदबुवांची तालीम ऐकू आली. बुवांनी सुराला गिरकी दिली, तसा तबलजी ओरडला, “वा बुवा! काय हरकत घेतलीत!”

ठकूने कान टवकारले आणि खुदकन हसली. “बाबा, दौत आणा!”

सकाळी तिने दरबारात कागद ठेवला. ‘गवळीआळीच्या रंगमहालात दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत ना हरकत.’

दाजीपंतांना आनंद मावेना. गवळी आज ना उद्या कुरकुरणारच, मग सगळी आळी आपल्या घशात! त्यांनी घाईघाईने खाली स्वतःच्या हाताने भर घातली, ‘हे वचन जो मोडील त्याची जागा दुसऱ्या पक्षाची.’

“शिक्का बसल्यावर कागद बदलतो का, पंत?” ठकूने भोळेपणाने विचारलं.

“छे! काळ्या दगडावरची रेघ!”

महाराजांनी ठप्पकन शिक्का उमटवला.

त्याच संध्याकाळी पहिली मैफल बसली. आळीलाही आमंत्रण होतं. बुवांनी डोळे मिटले, पहिल्याच ओळीवर सूर असा काही वळवला की महाराज जागेवरून उसळले. “वाहवा! काय हरकत घेतलीत!”

“थांबा!” ठकू उभी राहिली. “हरकत घेतली!”

दाजीपंतांनी झटकन कागद काढला. “कुणी घेतली? नाव सांग! जागा जप्त!”

“बुवांनी घेतली, पंत. साक्षीला खुद्द म्हाराज हायती!”

दाजीपंतांनी कागद पुन्हा वाचला, मग उलटा धरूनही वाचला.

“आळीनं सकाळपास्नं चकार शब्द काढला न्हाई,” ठकू म्हणाली. “करार मोडला तो रंगमहालानं. बुवांनी बिनहरकतीचं गावं, आमी खुशाल झोपतो!”

“बिनहरकतीचं?” बुवा कळवळले. “महाराज, मग गाणं कशाला? पाढेच म्हणतो!”

महाराजांनी बुवांकडे पाहिलं, मग दाजीपंतांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे, आणि त्यांना हसू आवरेना. पगडी तिरकी झाली तरी हसणं थांबेना. “पोरी, माझ्याच शिक्क्यात मला पकडलंस! रंगमहाल आजपासून गवळीआळीचा गोठा! आणि हे सोन्याचं कडं तुला. पण माझं गाणं कुठे गं?”

“पंतांच्या माडीला लागून मोकळी जागा हाय, म्हाराज. तिथं शांतता गरजेपरीस लई जास्त हाय!”

“उत्तम! दाजीपंत, तुमची काही हरकत?”

“ना…” म्हणता म्हणता दाजीपंतांनी जीभ चावली. आता तो शब्द उच्चारायचीच त्यांना धास्ती बसली होती. “खु… खुशाल गा, महाराज!”

“ऐकलंत ना, बुवा?” महाराज डोळे पुसत म्हणाले. “घ्या आता हव्या तेवढ्या!”