उंबऱ्यावरची करडी भुकटी

फार पूर्वी हिरड्याच्या ढोलीत एक पोळं होतं. तिथली पहारेकरीण गुंजा परतणाऱ्या प्रत्येक माशीचा वास घेई, कारण तिची बहीण मंजुळा फुलांवर गेली ती परतलीच नव्हती.

एका संध्याकाळी अंधाऱ्या दाराशी मंजुळेचा वास आला. “ताई, आत घे ना गं.”

गुंजा बाजूला सरणार, तोच उंबऱ्यावर करडी भुकटी दिसली. शेजारचं पोळं पतंगाने ओळखीच्या माशीचा वास लावून लुटलं, तेव्हा तिथेही अशीच सांडली होती.

“अगं, वास मंजुळेचाच आहे!” मागची माशी म्हणाली.

“हो, पण आपल्या पंखांची भुकटी पडत नाही,” म्हणत गुंजाने साऱ्यांना हाक दिली.

पतंग पळाला. वास विरेपर्यंत गुंजा मात्र दारातून हलली नाही.