गिरजाप्पाचं पाणी

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्याच्या पणज्यालाही दात आले नव्हते तेव्हा, लोणवळ गावात गिरजाप्पा नावाचा गवंडी राहत होता. घर बांधायचं ठरलं की तो आधी मोकळ्या जागेवर घोंगडी टाकून बसायचा. नुसता बसायचा. घरधनी वैतागून विचारायचा, "आप्पा, भिंत कधी चढणार?"

"वारं कुठनं येतंय ते कळू दे की. भिंतीला कसली घाई हाय?"

मग तो दोन हात रुंद मातीच्या भिंती उचलायचा, वरच्या सपाट माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर द्यायचा आणि चुलीचा धूर वर जावा, उजेड खाली यावा म्हणून छताला एक झरोका, सवणं, ठेवायचा. त्याच्या घरात वैशाखातल्या दुपारी पाहुणे पांघरूण मागायचे, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! पण थंडीत एका मोळीवर घर ऊबदार राहायचं, हे खरं. सरपण कमी लागे, म्हणून गावामागच्या डोंगरावर कुऱ्हाड फारशी चढली नाही.

त्याची एकुलती एक लेक नागव्वा. तिला खडकवळला दिली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. गिरजाप्पा रीतीचा पक्का. भेटायला गेला की अंगणातल्या लिंबाखाली बसायचा. नागव्वा पदरानं डोळे पुसत बाहेर यायची. डोळे लालभडक. बापाला वाटायचं, पोरीला माहेर आठवतंय.

"आप्पा, एकदा आत येऊन बघा की."

"येतो की गं. नातवंड झालं की येतो."

कोसभरावरचं वारं ओळखणारा माणूस, पण हातभरावर उभ्या लेकीचे डोळे त्याला ओळखता आले नाहीत. तो पान खाऊन, तिच्या डोक्यावरून हात फिरवून घरी परतायचा.

नागव्वाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं ठरलं. त्याआधीच, वैशाखातल्या एका दुपारी, भाकरी थापता थापता ती चुलीपुढं कोसळली. गिरजाप्पा गाडी जुंपून पोचला तोवर सारं संपलं होतं.

तेव्हा तो पहिल्यांदा आत गेला. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चोरांच्या भीतीनं सासऱ्यानं सवणंही दगडानं बुजवलं होतं. भिंती काजळीनं काळ्या, तव्यागत तापलेल्या. गिरजाप्पाचा श्वास कोंडला.

"पोरी, तू बोलवत हुतीस गं," एवढंच तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मग तो माळवदावर चढला आणि नुसत्या हातांनी तो दगड उपसला. आतला धूर वर आला आणि गावावर उभा राहिला, वारं सुटलं तरी हलला नाही, असं म्हणतात. पुढं गिरजाप्पा गावोगाव फिरला. बुजलेलं सवणं दिसलं की कुणाला न विचारता उघडायचा. शेवटी कुठल्याशा माळवदावर चढला, तो खाली उतरलाच नाही, असं म्हणतात.

आता घरं सिमेंटची झाली, चुलीच्या जागी गॅस आला. तरी त्या भागात सोयरीक ठरवण्याआधी मुलीचा बाप भर दुपारी थेट वराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. जीव घुसमटला, तर भिंत फोडून खिडकी काढेपर्यंत बोलणी पुढं सरकत नाहीत. लग्नानंतर तो पुन्हा येतो, तिथंच बसतो आणि लेकीच्या हातचं तांब्याभर पाणी पितो. त्याला गिरजाप्पाचं पाणी म्हणतात.

सगळ्या बापांना ते मिळतं. एकट्या गिरजाप्पाला मिळालं नाही.