चौथा शब्द

“...म्हणून विचारतो बाबा, उद्या चौथ्या शब्दावर तुम्ही बोलाल का?”

दारातून आत येता येताच शांतवनने विचारलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

आमोसबाबा ओट्यावर चिंच फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चपला काढ.”

शांतवनने चपला काढल्या.

“चिंचेत पाय देऊ नकोस.”

शांतवन बाजूला झाला.

टाकळीच्या ख्रिस्ती मंडळीचा हा तरुण पाळक. शिकलेला, सुरेल गळ्याचा, व्यासपीठावर शोभणारा. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचं त्यालाच ठाऊक होतं. आमोसबाबा त्याचे गुरू. चाळीसेक वर्षं गावोगाव पाळकपण करून आता तालुक्याला बहिणीच्या घरी राहत होते. पोरं घडवता घडवता त्यांचे केस गेले होते, असं तेच म्हणायचे.

उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. भर दुपारी, तीन तासांची उपासना. येशू क्रुसावरून जे सात वेळा बोलला, त्याला मंडळीत ‘सात शब्द’ म्हणतात. एकेका शब्दावर एकेकजण बोलतो. बाकीचे शब्द कुणीही घेतं. चौथा शब्द मात्र पाळकाकडेच ठेवायची टाकळीची पद्धत आहे. कारण चौथ्या शब्दात तो देवालाच विचारतो, तू मला का सोडलंस?

“घसा बसलाय का?” बाबांनी विचारलं.

“घसा ठीक आहे.”

“मग?”

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून आणू?”

“आडात काय नाही?”

“देव.”

एवढं बोलून शांतवन थांबला. बाबा दचकतील असं त्याला वाटलं असावं. बाबांनी एक चिंचोका काढून टोपलीत टाकला.

“हं. बस.”

शांतवन बसला नाही. माणूस वैतागला की त्याला बसवत नाही.

“भाद्रपदात गोदावरी गावात शिरली, तेव्हापासून मी गुडघ्यांवर आहे, बाबा. पहाटे उठतो. उपवास धरतो. अर्धं गाव अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहतंय. बाकं फुगलीत, भिंतींना ओल आहे, मंडळी निम्म्यावर आली. मी त्याला म्हणतो, एक शब्द दे. तुझ्या लोकांना सांगायला एकच शब्द दे...”

“आणि?”

“काही नाही! भिंतीशी बोलावं तसं. ईस्टर झाला की मी पाळकपण सोडणार आहे. चुलत्याचं टाइल्सचं दुकान आहे, तिथं बसेन. टाइल निदान हातात तरी येते.”

बाबांनी बत्ता खाली ठेवला. सुस्कारा सोडला. तो सुस्कारा दुःखाचा नव्हता. एकच धडा शंभरदा शिकवलेल्या मास्तराचा होता.

“प्रार्थना कर.”

“आता?”

“नाही, पुढच्या भाद्रपदात.”

शांतवनने ओठ आवळले. डोळे मिटले, हात जोडले आणि त्याचा आवाज आपोआप बदलला. घरचा गेला, व्यासपीठावरचा आला.

“हे सनातन, सर्वसमर्थ आणि करुणासंपन्न पित्या, तुझ्या अगाध कृपेने आम्ही तुझ्या सिंहासनासमोर नम्र होऊन...”

“थांब.”

शांतवनने एक डोळा उघडला.

“हा अर्ज कुणाकडे चाललाय?”

“अर्ज नाही बाबा, प्रार्थना...”

“तहसीलदाराकडे? पुढं काय आहे त्यात? ‘तरी मायबाप सरकारनं विचार करावा’?”

“तुमची थट्टा ऐकायला आलो नाही मी.”

“मग कशाला आलास? मी उद्या बोलेन का, हे विचारायला. नाही बोलणार. झालं? जा आता.”

शांतवन गेला नाही. बाबांनी पुन्हा बत्ता उचलला. बत्त्याचा तेवढा आवाज...

मग बाबांनीच विचारलं, “टाकळीत सगळे असंच बोलतात त्याच्याशी? पित्या, सनातन, अगाध?”

“सगळे नाही. बरेचसे बोलतच नाहीत. येतात, बसतात, जातात.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कुठले...” शांतवन अडखळला. “एक केसरबाई आहे. पण ते बोलणं धरायचं नाही.”

“का?”

“ओरडते ती.”

“काय ओरडते?”

“मी ते तोंडानं उच्चारणार नाही.”

“उच्चार.”

“बाबा, देवाला उद्देशून आहे ते.”

“मग तर उच्चारच. त्यानं ऐकलंय ते मी ऐकलं तर काय बिघडेल?”

शांतवनने दाराकडे पाहिलं, जणू कुणी वडीलधारं येतंय. मग खालच्या आवाजात सांगितलं.

“पापांगीकाराची प्रार्थना संपते. मंडळी शांत बसलेली असते. ती मागच्या बाकावर उठून उभी राहते आणि म्हणते... ‘मेल्या, माझं लेकरू पाण्यात हात वर करून वरडत व्हतं, तवा तू कुठं उलथला व्हतास?’”

बाबांचा हात थांबला.

“देवाला मेल्या म्हणते, बाबा! भर उपासनेत! बाया रडायला लागतात. कुणाला पुढचं गीत सुचत नाही.”

“लेकरू कोण?”

“तिचा मुलगा. एकुलता. पाणी चढायला लागलं तसे आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर गेलो. तो म्हैस सोडायला मागे फिरला...” शांतवनने पुढचं वाक्य गिळलं. “तिसऱ्या दिवशी सापडला. मीच पुरला त्याला.”

“मग केसरबाईचं काय केलंत?”

“काय करणार? मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी दोघांनी तिला धरून बाहेर नेलं. आता दर रविवारी ती उठली की नेतात. व्हरांड्यात बसवतात.”

“तुझ्या सांगण्यावरून?”

“मी सांगितलं नाही.”

“शांतवन.”

“...डोळ्यांनी खूण केली.”

बाबा चिंचेकडे पाहत राहिले. रागावले होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

“दर रविवारी येते?”

“एक चुकवत नाही. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही ते यायचे थांबले. हिला दर वेळी बाहेर काढतात आणि ही पुढच्या रविवारी पुन्हा हजर. कंटाळा येत नाही बाईला. कधीकधी वाटतं, रागानं सोडून देईल तर बरं.”

“उद्याच्या शब्दाची तयारी केली होतीस?”

विषय बदलला म्हणून शांतवनला बरं वाटलं. “केली होती ना. पानंच्या पानं. मूळ भाषेत काय आहे, कुणी काय अर्थ लावलाय...”

“तो शब्द येशूनं कसा उच्चारला? कुजबुजला?”

“नाही. मोठ्यानं ओरडला, असं आहे.”

“ओरडला?”

“हो.”

“मग त्याला कोणत्या वडिलांनी बाहेर नेलं?”



आता शांतवन बसला. ओट्यावर, चिंचेतच बसला. बाबांनी या वेळी टोकलं नाही.

शांतवन म्हणाला, “ते वेगळं आहे. तो पुत्र होता.”

“आणि ती?”

शांतवन पँटला लागलेली चिंच खरवडू लागला.

“तुला त्याचा राग आलाय?” बाबांनी विचारलं.

“कुणाचा?”

“चुलत्याचा! टाइल्सवाल्याचा! अरे, कुणाचा काय विचारतोस?”

“मी पाळक आहे, बाबा. माझ्या रागाचा प्रश्नच येत नाही.”

“आलाय की नाही?”

“...आलाय.”

“त्याला सांगितलंस?”

“असं कसं सांगणार?”

“पहाटे उठून, उपवास करून, इतके महिने तू त्याच्याशी बोलतोयस आणि जे पोटात आहे ते सोडून सगळं सांगतोयस. तो तरी कशाला उत्तर देईल? अगाधला?”

शांतवन ताडकन उठला. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाबांना क्षणभर वाटलं; आता हा निघून जाणार. पण शांतवन गेला नाही. अंगणात उतरला, बाबांकडे पाठ केली, आणि जो आवाज निघाला तो व्यासपीठावरचा नव्हता.

“मी शब्द दिला होता तिला!”

बाबा हलले नाहीत.

“गच्चीवर ती माझा हात धरून उभी होती. मी म्हणालो, बाई, घाबरू नका, देव त्याला परत आणील, मी सांगतो ना! तुझ्या भरवशावर म्हणालो! तू ऐकत होतास! तुला नव्हतं आणायचं तर माझ्या तोंडून कशाला वदवलंस? मला तोंडघशी पाडलंस! ती माझ्याकडे बघते ना, दर रविवारी, ओरडते तुझ्या नावानं पण बघते माझ्याकडे... मला सहन होत नाही! म्हणून काढलं तिला बाहेर! ऐकू येतंय का? आणि तू तिथंही गप्प, इथंही गप्प! काय म्हणून गप्प आहेस? का सोडलंस आम्हाला?”

शेजारच्या भिंतीवरून एक बाई डोकावली. हातात धुणं होतं.

“बाबा, काय झालं हो? भांडण लागलं का?”

“नाही गं,” बाबा म्हणाले. “प्रार्थना चाललीय.”

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खाली गेली.

शांतवन अंगणात तसाच उभा होता. खांदे हलत होते. रडतोय की दम लागलाय, हे मागून कळत नव्हतं. दोन्ही असावं. मग तो वळला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हे काय बोललो मी...”

बाबांनी एक चिंच उचलून बत्त्याखाली धरली.

“बाबा, हे पाप झालं माझ्या हातून.”

चिंच फुटली.

“आणि तो अजूनही काही बोलला नाही.”

“नाही ना बोलला?”

“नाही. पण...” शांतवनने आपल्या छातीवर हात ठेवला, काहीतरी शोधत असल्यासारखा. “मी भिंतीशी बोलत नव्हतो. एवढं मात्र... भिंतीवर कुणी इतकं चिडत नाही.”

ते वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाबांनी मान डोलावली नाही की शाबासकी दिली नाही. ते उठले. गुडघे धरून, कण्हत. रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“कुठं निघालात?”

“टाकळीला. गाडी काढ.”

“उपासना उद्या आहे.”

“उपासनेला कोण चाललंय? केसरबाईच्या शेडवर चल.”

शांतवन जागचा हलला नाही. त्याचा आवाज एकदम लहान झाला. “तिला मी काय सांगू, बाबा? माझ्याकडे खरंच काही नाही सांगायला.”

“देवाची कृपा! काहीही सांगू नकोस. उद्या आत बसा म्हण. पहिल्या बाकावर. नको म्हणाली तर हात जोड. तरी नको म्हणाली तर व्हरांड्यात तिच्या शेजारी तू बस, आणि उपासना तिथून चालव.”

“आणि मंडळीचे वडील?”

“त्यांना सांग, डोळ्यांनी केलेली खूण तोंडानं मागे घेतोय.”

शांतवनने चपला पायात घातल्या. दारापर्यंत गेला. पुन्हा थांबला. भीती खरी होती, आणि ती त्यानं या वेळी लपवली नाही.

“चौथ्या शब्दाची वेळ आली, आणि ती उठून ओरडायला लागली तर?”

“तर गप्प बस.”

“सगळं बोलू देऊ?”

“सगळं.”

“मग त्यानंतर कोण बोलणार?”

आमोसबाबा उंबऱ्याशी थांबले. टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. इतका वेळ तिखट असलेला त्यांचा आवाज पहिल्यांदाच चाचरला.

“तिच्यामागे माझा नंबर लाव. मलाही त्याला एक विचारायचंय... फार वर्षं राहिलंय.”