लोहद्वार आणि तांब्याचा राघू

एका राज्यात नांगराच्या फाळाला ढेकळांपेक्षा जादूच जास्त लागत असे. त्या भूमीवर फार पूर्वी आदिजन राहत. ते कुठे गेले कोण जाणे, पण जाताना आपलं सामान मात्र टाकून गेले. कुणाच्या शेतात न विझणारा दिवा निघे, कुणाच्या विहिरीत बोलणारी पेटी. वस्तू सापडली की तिला आंघोळ घालायची, शेंदूर तेलात कालवून तिला अंगभर लेप द्यायचा, नाव ठेवायचं आणि मगच घरात घ्यायची, अशी तिथली रीत होती. दर सणाला जुन्या लेपावर नवा लेप चढे.

या रीतीतून एकच वस्तू सुटली होती. राणी हैमवतीच्या महालात तांब्याचा एक राघू होता. लेप घेऊन कुणी जवळ आलं की तो बोटाला चोच मारी. त्याला जगातले सगळे रस्ते पाठ होते, फक्त ते आदिजनांच्या काळातले होते.

पुढे त्या राज्याला शाप लागला. न विझणारे दिवे मंदावले, बोलणाऱ्या पेट्या मुक्या झाल्या. राजमांत्रिक अग्निशर्मा म्हणाला, "याचा उपाय लोहद्वारापलीकडे आहे." लोहद्वार म्हणजे डोंगराच्या कुशीतलं अजस्र दार. ते कुणाच्या आजोबांनीही उघडलेलं पाहिलं नव्हतं.

एके दिवशी मेंढपाळ सांगत आले, की दारावरची शेंदराची जाड खोळ आपणहून गळून पडली आणि दार उघडं आहे. राजा विक्रांतसेन तसाच निघाला. राणीला विचारलं नाही, मंत्र्यांना सांगितलं नाही, शिपाई पायथ्याशी सोडले आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन एकटा आत शिरला. त्याच्या पाठीमागे दार मिटलं.

हैमवती अग्निशर्मा, स्वयंपाकी आणि तंबू घेऊन पोहोचली तेव्हा दार ताजं लालभडक होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आतून राजाचा आवाज आला.

"राणीसरकार, आलात का? इथे पाणी झिरपतंय, पण भाकऱ्या थोड्याच उरल्यात."

"महाराज, आत जाण्याआधी एक निरोप धाडता आला नसता का?"

"शुभवेळ टळली असती."

हैमवतीने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या संसारातल्या बहुतेक संकटांची सुरुवात शुभवेळ न टळण्यापासूनच झाली होती.

इतक्यात दार बोललं. भाषा आदिजनांची होती. राघू तिच्या खांद्यावर बसला होता, त्याने अर्थ सांगितला, "ते म्हणतंय, चेहरा दाखवा."

राणीने पदर सारून चेहरा दाखवला.

"ते म्हणतंय, चेहरा दाखवा."

"दाखवला की."

"मला सांगू नका, त्याला सांगा," राघू म्हणाला.

अग्निशर्म्याने दाढी कुरवाळली. "राणीसाहेब, देवांचं बोलणं इतकं सोपं नसतं. चेहरा म्हणजे सोन्याचा मुखवटा. तो खाऱ्या सरोवराच्या राक्षसिणीपाशी आहे."

राणी निघाली. राघू वाट दाखवू लागला. "सरळ जा. पुलावरून पलीकडे जा."

"इथे पूल नाही, राघोबा. नदी आहे."

"पुलावरून पलीकडे जा."

ती पोहून पलीकडे गेली. राक्षसीण सरोवरात गळ्यापर्यंत बसली होती. ती म्हणाली, "माझं पाणी पी आणि तोंड वाकडं करू नकोस." राणी ओंजळभर मीठपाणी प्यायली आणि हसली. मुखवटा मिळाला. तो चेहऱ्यावर बांधून ती दारापुढे उभी राहिली.

"ते म्हणतंय, चेहरा दाखवा."

"मग आरसाच असणार," अग्निशर्मा म्हणाला. "आरशात चेहरा वस्तीला असतो. वाऱ्याच्या मनोऱ्यात राहणाऱ्या जादूगाराकडे तसा एक आहे."

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"आधी मुखवटा चुकायला हवा होता, राणीसाहेब. शास्त्र तसंच चालतं."

मनोऱ्यातला जादूगार म्हणाला, "आरसा देतो. तुझ्या केसांचा काळा रंग दे." राणीने दिला. पांढरे केस बांधून ती परतली. दारापुढे आरसा धरला, उजवीकडे धरला, डावीकडे धरला, उलटा धरला.

"चेहरा दाखवा," राघू म्हणाला. "मी नाही, ते."

आतून राजाचा आवाज खोल गेला होता. "राणीसरकार, काल शेवटची भाकरी खाल्ली. घाई नाही, पण सांगून ठेवतो."

तेव्हा अग्निशर्मा गंभीर झाला. "आता एकच राहिलं. देव स्वतःचाच चेहरा मागतोय. सूर्यपर्वतावरच्या वृक्षाचं तेल आणा, त्यात शेंदूर कालवा आणि दाराला जाड लेप द्या. त्याचं रूप खुललं की ते प्रसन्न होईल."

सूर्यपर्वतावर दगड निखाऱ्यासारखे तापलेले होते. राणी अनवाणी चढली, कारण वृक्षाला वहाणा चालत नसत. तेल घेऊन उतरली तेव्हा तिचे तळवे पोळले होते आणि राघू म्हणत होता, "आपण मुक्कामी पोहोचला आहात," पण मुक्काम अजून तीन टेकड्या पलीकडे होता.

तिने परातीत शेंदूर कालवला. ओंजळ भरली. हात दारापर्यंत गेला आणि थांबला. इतके दिवस ती मांत्रिकाला विचारत होती, राघूला विचारत होती. जो दारातून आत गेला होता त्याला तिने दाराबद्दल काही विचारलंच नव्हतं.

"महाराज, ऐकू येतंय का? आत पाऊल टाकण्याआधी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कुणीही करतो तेच." आवाज क्षीण होता. "खोळ गळालेली, दार उघडंबोडकं. बरं दिसेना. उंबऱ्यावर उभा राहून स्वतःच्या हातांनी लेप दिला, चांगला जाड. मग आत आलो."

हैमवतीने ओंजळ परातीत रिकामी केली आणि स्वयंपाक्याला हाक मारली. "उलथनं आणा."

अग्निशर्मा आडवा आला. "राणीसाहेब, खोळ आपणहून गळावी लागते. माणसाने ओरबाडणं महापाप आहे."

"मग ते माझ्या माथी मारा आणि बाजूला व्हा."

जमलेल्या गावकऱ्यांनी पाठी फिरवल्या. राणी खरवडू लागली. शेंदराच्या पापुद्र्याखाली लिंबाएवढा काळा, गुळगुळीत डोळा निघाला. तिने तो पदराने पुसला. डोळ्यात ठिणगी हलली आणि दार पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बोललं.

"ते म्हणतंय, आता दिसलात. या," राघू म्हणाला.

दार सरकलं. राजा भिंतीला धरत बाहेर आला. तिने त्याला बसवलं, पेज पाजली आणि मगच विचारलं, "शापाचा उपाय मिळाला?"

"छे. आत नुसती चित्रं आहेत. आदिजनांचे दिवे उन्हात मांडलेले, नागवे. बोटभरही शेंदूर नाही. मला वाटलं, गरीब असतील बिचारे."

राणीने कपाळावर हात ठेवला. मग तंबूतला मंदावलेला दिवा मागवला, पिढ्यानपिढ्यांचा लेप खरवडला आणि दिवा उन्हात ठेवला. सांजेला तो असा पेटला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले.

शाप काय होता ते सगळ्यांना कळलं. पण उलथन्याला हात लावायला कुणी धजेना. दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर रांग लागली. सगळ्यात पुढे एक म्हातारी दिवा घेऊन उभी होती.

"राणीसाहेब, तुम्हाला पाप लागलंच आहे. त्यात आमचाही एवढा एक दिवा बसेल."

तिच्या मागे पाटील पेटी घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे, कुणाला दिसू नये असा, अग्निशर्मा.

हैमवतीने रांगेच्या टोकापर्यंत पाहिलं. टोक दिसत नव्हतं. तिने अंगणात चटई पसरली, एक उलथनं स्वतः घेतलं आणि दुसरं राजाकडे सरकवलं.

"बसा, महाराज."

"पण राणीसरकार, पाप..."

"दारावरचा लेप कुणी दिला होता?"

राजा बसला. दोघं खरवडत राहिले, राघू एकेकाला म्हणत राहिला, "पुढे सरका," आणि घरोघरच्या अंगणात उघडे दिवे ऊन खात बसले. रांग संपली तेव्हा त्या राज्यात अंधाराला बसायला कोपरा उरला नव्हता, आणि राजा विक्रांतसेन कुठेही निघाला की आधी निरोप धाडू लागला होता.